झिजलेला म

"वर धूळ फार आहे गं, ओढणी बांध तोंडाला," काकूंनी जिन्याखालूनच बजावलं. इंदूरच्या खजुरी बाजाराच्या मागच्या गल्लीतलं हे घर मला लहानपणापासून ठाऊक. गणेशोत्सवाची वर्गणीपुस्तकं आणायला मीच यायचे, तेव्हा खाली अण्णांचा छापखाना धडधडत असायचा. आता तिथे मोबाइल कव्हरचं दुकान आहे. ट्रेडल नावाचं छपाईचं यंत्र लोखंडाच्या भावानं गेलं, शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, किलोवर गेले. मोठ्या अक्षरांचे लाकडी ठोकळे तेवढे राहिले, कारण भंगारवाल्यानं त्यांना भावच दिला नाही. "सरपण म्हणून नेतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे," अण्णा म्हणाले.

मी त्या ठोकळ्यांसाठीच आले होते.

सुरुवात शेवेपासून झाली. मी पॅकेजिंगची कामं करते, आणि इंदुरात पॅकेजिंग म्हणजे निम्म्याहून जास्त नमकीन. एका दुकानदाराला पाकिटावर जुनाट अक्षर हवं होतं. "मॅडम, लगना चाहिए कि दादाजी के जमाने की दुकान है." दुकान उघडून तीन वर्षं झालेली. पण त्याचं मागणं अगदीच वेडं नव्हतं. कोपरे झिजलेलं, मध्येच शाई न लागलेलं अक्षर दिसलं की हे कुणीतरी हातानं पुष्कळदा छापलंय, असं आपल्याला न सांगता कळतं. रोमनमध्ये असले फॉन्ट पोत्यानं मिळतात. देवनागरीत मला जे सापडले, त्यांत बहुतेकांनी एक सरळ स्वच्छ फॉन्ट घेऊन त्यावर ओरखड्यांची जाळी पांघरली होती. अ असो की ज्ञ, ओरखडा त्याच उंचीवर, त्याच कोनात. शाळेच्या नाटकात पावडर लावून पोराला म्हातारा करतात, तसलं.

नवं अक्षर जुनं करून विकायची हौस मात्र संगणकानं आणलेली नाही. शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या छपाईची अक्षरं ओतणाऱ्या फाउंड्रीनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोऱ्या करकरीत शिशात मुद्दाम खडबडीत कडांचं अक्षर ओतलं होतं. नाव ठेवलं 'फिफ्टीन्थ सेंचुरी'. पुढे त्याचंच बारसं 'कॅस्लॉन अँटिक' असं केलं, आणि जुना इंग्रज अक्षरकार विल्यम कॅस्लॉन याच्या अक्षराशी त्याचं काडीचं नातं नाही. डच अक्षरकार एरिक व्हान ब्लॉकलंडनं 1991 मध्ये खऱ्या टाइपरायटरचे ठसे घेऊन 'ट्रिक्सी' हा फॉन्ट केला, आणि मग मळकं टंकलेखन जगभर सगळीकडे दिसायला लागलं. मला ट्रिक्सीचा रस्ता पटला. खरा ठसा घ्यायचा, मग त्याचं काय करायचं ते बघू.

माडीवर दोन खोकी होती. मोठ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले ठोकळे, उभे लावलेले. दुसरा बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात कसेही टाकलेले पंचवीस-तीस. अण्णा त्यांना 'दहा लाइन', 'बारा लाइन' म्हणत होते. लाइन म्हणजे 12 पॉइंट. सहा लायनींचा इंच, म्हणजे बारा लायनींचं अक्षर दोन इंचांचं. एवढं मोठं अक्षर शिशात ओतलं तर जड होतं, महाग पडतं, आणि थंड होताना पृष्ठभाग खचतो. म्हणून पोस्टरांची अक्षरं लाकडाची. कुस्त्यांच्या दंगलीचे कागद, सर्कशीचे कागद, निवडणुकीचे कागद, सगळे या ठोकळ्यांनी छापलेले.

एकेक हातात घेऊन पाहिला आणि मी चक्क खाली बसले. ओरखड्यांची जाळी करणाऱ्यांनी एकदा तरी खरा ठोकळा बघायला हवा होता. झीज वाटेल तिथे होत नसते. कोपरे आधी गोल होतात, कारण फर्मा, म्हणजे अक्षरं बसवलेली चौकट, आवळताना तेच आपटतात. शिरोरेषेची टोकं जातात. घासलेटनं पुसून पुसून लाकूड कोरडं पडतं, मग भेगा जातात त्या लाकडाच्या रेषेनंच, आडव्यातिडव्या नाही. रुंद भागाचा मध्य खोलगट होतो, तिथे शाई कमी उठते. किड्यानं पोखरलेली भोकं अगदी गोल, सुईनं टोचल्यासारखी. आणि प्रत्येक अक्षराच्या पोटात वाळलेल्या शाईचा काळा डांबरी थर.

"हे काय करणार तू?" अण्णांनी विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे ही मार खाल्लेली अक्षरं जशीच्या तशी दाखवणार?"

"हो."

"आणि त्याचे पैसे घेणार."

"हो अण्णा."

"अगं, ठोकळ्याची उंची 0.918 इंच असायला हवी. झिजून बसला की आम्ही खाली टिशूचा कपटा चिकटवायचो. पुन्हा प्रूफ, पुन्हा कपटा. तासन् तास मेकरेडी करत बसायचो, गिऱ्हाइकाला अक्षर झिजलेलं दिसू नये म्हणून. आणि तू..." पुढे ते बोलले नाहीत. काकूंनी चहा आणला म्हणून विषय बदलला.

ठोकळे घेऊन मी घरी आले. ऑफसेटच्या काळ्या शाईचा छोटा डबा, रबरी रूळ, काचेचा तुकडा आणि चमचा, एवढ्यावर मुद्रण सुरू झालं. काचेवर शाई पसरायची, रुळानं ठोकळ्यावर चढवायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासायचं. पहिले दोन दिवस नुसता चिखल. शाई जास्त झाली की झीज भरून जाते आणि अक्षर नवंकोरं दिसतं. म्हणजे ज्यासाठी खटाटोप तेच गायब. तिसऱ्या दिवशी युक्ती सापडली. शाई एकदाच लावायची आणि ओळीनं तीन ठसे काढायचे. पहिला भरगच्च, दुसरा बरा, तिसरा विरलेला, लाकडाची रेष दिसणारा. प्रत्येक अक्षराचे तीन अवतार आयतेच मिळाले.

तीन का, ते सांगते. 'मामा' शब्द घ्या. दोन्ही म ना एकाच जागी तोच टवका असेल तर वाचणारा फसत नाही. त्याला कारण सांगता येत नाही, पण खोटेपणा कळतो. यावरचा सगळ्यात धाडसी उपाय त्याच व्हान ब्लॉकलंडनं यूस्ट व्हान रॉसमबरोबर 1990 च्या सुमाराला केला होता: 'बिओवुल्फ' नावाच्या फॉन्टमध्ये छापताना प्रिंटरच प्रत्येक अक्षराच्या कडा दर वेळी नव्यानं वाकड्या करायचा. आजच्या फॉन्टात तसं चालत नाही. आता एकाच अक्षराची दोन-तीन रूपं भरून ठेवायची आणि फॉन्टाला सांगायचं की शेजारी पहिलं रूप आलं असेल तर तू दुसरं घे. देवनागरीत आधी वेलांट्या, रफार, जोडाक्षरं जागच्या जागी बसतात आणि ही अदलाबदल त्यानंतर होते, म्हणून अर्ध्या अक्षरांचीही तीन-तीन रूपं करावी लागतात. फक्त पूर्ण अक्षरांची केलीत तर 'रस्सा' मधला अर्धा स कायम एकच चेहरा घेऊन बसतो.

माझ्या तीन ठशांतही एक गोम होती. शाई बदलली तरी ठोकळा तोच, म्हणजे टवका तिथल्या तिथे. क, र, न, स यांचे दोन-दोन, तीन-तीन ठोकळे होते, कारण ती अक्षरं जास्त लागतात. ठ, ढ, झ यांचा एकेकच. तिथे एका रूपातला टवका मी बुजवला. अण्णांच्या मेकरेडीसारखंच झालं की, असं तेव्हाच वाटलं होतं.

संगणकावरचा भाग भराभर सांगते, कारण तो कंटाळवाणाच होता. 1200 डीपीआयला स्कॅन, मग नुसतं काळं-पांढरं, मग त्याची बाह्यरेषा काढणं. पहिल्या क ला 3,400 बिंदू आले. साध्या फॉन्टात क ला 40-50 पुरतात. असली शेकडो अक्षरं एका फाइलीत घातली की फ्लेक्सवाल्याचं मशीन बॅनर उघडतानाच मान टाकतं. बारीक कण पुसत, कडा सैल करत प्रत्येक अक्षर 400 च्या आत आणलं. यात पाच महिने गेले, बहुतेक रात्री.

शिरोरेषेचं मात्र वेगळं लिहायला हवं. रोमन अक्षरं सुटी असतात, प्रत्येकाची झीज प्रत्येकापुरती. आपल्याकडे सगळी एका दोरीवर वाळत घातलेली. खऱ्या ठोकळ्यांत दोन अक्षरांच्या मधल्या सांध्यात शिरोरेषा किंचित तुटते, कारण दोन्हीकडचे कोपरे गोल झालेले असतात. मी ते जसंच्या तसं ठेवलं तर प्रत्येक सांध्यात सारखी खाच, ओळ करवतीसारखी दिसायला लागली. खाच मुळीच ठेवली नाही तर सगळी मेहनत फुकट. शेवटी टोकंही तीन प्रकारची केली: घट्ट जुळलेलं, अर्धं खचलेलं आणि उघडं. जुळलेल्या टोकांना शेजाऱ्यावर थोडं चढवावं लागतं, नाहीतर पडद्यावर मध्ये केसाएवढी पांढरी रेघ चमकते.

ऑगस्टात फॉन्ट हाती आला, आणि मी तो पहिल्यांदा वापरला आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवासाठी. भावगीतांचा कार्यक्रम, नाव 'सूरमेळ'. फुकट काम, म्हणून कुणी मान्यता वगैरे देत बसलं नाही. दोनशे पोस्टरं छापली आणि वस्तीभर लावली. दिसत होतं झकास. पिवळट कागद, काळी शाई, जुन्या दंगलीच्या कागदासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरीकाकांचा फोन. "अगं, ही सूरभेळ काय भानगड आहे?"

मला वाटलं थट्टा करतायत. पोस्टर काढून हातभर लांब धरलं. सूरभेळ. जवळून बघितलं, सूरमेळ. लांबून पुन्हा सूरभेळ. म च्या डाव्या उभ्या काठीवरची शिरोरेषा तुटलेली होती, आणि उरलेला कपचा काठीच्या टोकावर गाठीसारखा बसला होता. भ तरी दुसरं काय असतो? म च्या डोक्यावरचं छप्पर अर्धं उघडलं की झाला भ. मी पाच महिने त्या म कडे दोन फूट उंचीचा करून बघत होते. तेवढ्या जवळून तो म च होता.

कार्यक्रमाला येणारा प्रत्येक जण भेळ कुठे आहे विचारत होता. सेक्रेटरीकाका हुशार, त्यांनी मध्यंतरात खरंच भेळवाला आणून उभा केला. त्याच्याकडे गर्दी अंमळ जास्तच झाली.

पोस्टर घेऊन अण्णांकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "हा म कुठून घेतलास? खोक्यातून की डब्यातून?"

"डब्यातून."

"डब्यातले बाद ठोकळे गं! पोरं चुकून उचलतील म्हणून वेगळे काढले होते. हा तर मीच काढलाय. निवडणुकीच्या कागदात एका मामासाहेबांचे भामासाहेब झाले होते."

आणि मी नेमके डब्यातलेच निवडले होते, कारण ते सगळ्यात देखणे झिजले होते.

त्यानंतर सगळा फॉन्ट पुन्हा उघडला. या वेळी प्रत्येक अक्षरावर लाल रंगात आधी निषिद्ध जागा आखल्या, जिथे काहीही तुटता कामा नये अशा. म आणि घ यांची डावीकडची शिरोरेषा, कारण घ चं छप्पर गेलं की 'घार' ची 'धार' होते. उलट भ आणि ध यांच्यातली मोकळी जागा शाईच्या ठिपक्यानंही भरता कामा नये. ब च्या पोटातली तिरकी रेघ गेली की तो व. ष ची रेघ गेली की प. शिरोरेषेच्या वरचा पट्टा तर पूर्ण स्वच्छ, कारण तिथला प्रत्येक कण अनुस्वार व्हायला टपलेला असतो: एका कणानं 'मद' चा 'मंद' होतो. आणि खरा अनुस्वार मी जरा थोराड केला, किडक्या भोकांशिवाय. उरलेल्या जागी, म्हणजे काठ्यांचे खालचे भाग, कान्याची टोकं, वाट्यांची बाहेरची कड, तिथे हवा तेवढा मार दिला. गंमत अशी की लाल जागा सोडून झीज कमी केल्यावर फॉन्ट जास्त जुना दिसायला लागला.

पाकीटही मार्गी लागलं. नाव मोठ्या झिजक्या अक्षरात. वजन, घटक, तारीख साध्या स्वच्छ अक्षरात. दुकानदाराला घटकसुद्धा 'वैसे ही' हवे होते. मी सहा पॉइंटात छापून दाखवले, शेंगदाणा तेल वाचता येईना, तेव्हा गप्प झाला. माझ्या अंदाजानं हे अक्षर 48 पॉइंटांच्या वर खुलतं, 30 च्या खाली नुसतं मळकट. टीशर्टावर स्क्रीन छपाईत छान उतरतं. बारीक कण जाळीत बुजतात, पण कापडावर ते शोभतं. साइनबोर्डवाल्याला मात्र चुकूनही देऊ नका. एका पोह्याच्या गाडीसाठी मी रेडियम कटिंगला पाठवलं. प्लॉटरनं प्रत्येक कणाभोवती इमानानं सुरी फिरवली आणि मग त्याच्या पोरानं टोकदार चिमट्यानं शेकडो कण एकेक करून उपटले. संध्याकाळी तो मला म्हणाला, "दीदी, अगली बार साफ वाला लाना." व्हॉट्सॲपचाही विचार करावा लागतो, कारण आता पोस्टर भिंतीवर कमी आणि फोनवर जास्त बघितलं जातं, आणि तिथे चित्र दाबलं गेलं की बारीक पोत राखाडी डाग होतो. त्यासाठी मी कमी ओरखड्यांची वेगळी आवृत्ती ठेवलीय.

राहिला ळ.

अण्णांच्या खोक्यात ळ नव्हता. छापखान्याचं बहुतेक काम हिंदी, त्यांना तो लागतच नव्हता. ल होता, तोही दंडयुक्त, हिंदी वळणाचा. मराठीचा पाकळीयुक्त ल मी वेगळा काढून ठेवला, मजकुराची भाषा मराठी असली की तो आपोआप यावा म्हणून. पण ळ शिवाय इंदूरचा मराठी फॉन्ट करायचा म्हणजे होळकर लिहायची सोय नाही. गावात पाट्या सगळ्या 'होलकर' च्याच आहेत, हिंदीत तेच बरोबर. पण आपल्या हातानं तरी होळकरांचा ळ जाऊ नये, एवढा हट्ट होताच. 'सूरमेळ' च्या वेळी मी ल च्या तुकड्यांतून ळ जुळवून वेळ मारून नेली होती. आता अहिल्याबाईंवरच्या छायाचित्रांच्या प्रदर्शनाचं पोस्टर आलं, आणि पहिल्याच ओळीत 'होळकर', दोन इंची.

मग सुताराकडून सागाचा जुना तुकडा घेतला, सीएनसी राउटरवाल्याकडून त्यावर उलटा ळ कोरून आणला आणि घरी त्याला म्हातारं करायला बसले. किल्ल्यांच्या जुडग्यानं ठोकला, गच्चीच्या कठड्यावर घासला, घासलेटमध्ये बुडवून उन्हात ठेवला. भेगा सुंदर पडल्या. ठसा काढला, बाकीच्या अक्षरांत बसवला. मला तो अगदी घरचा वाटला.

पोस्टरचं प्रूफ अण्णांना दाखवायला नेलं. त्यांनी खिडकीपाशी उजेडात धरलं, भिंगातून पहिली ओळ वाचली, म तपासला, मान हलवली. मग बोट ळ वर थांबलं.

"हा आपला नाही."

"कशावरून?"

"दोन्ही वाट्यांच्या आत ठोके आहेत. आतल्या खळग्यात मार कसा लागेल? तिथे काही पोचतच नाही. तिथे शाई साचते आणि वाट्या बारीक होत जातात." त्यांनी माझ्याच हातातलं पेन घेऊन प्रुफावरच्या ळ च्या दोन्ही वाट्या आतून थोड्या थोड्या भरल्या. "आता बघ."

घरी येऊन सागाच्या ठोकळ्याच्या खळग्यांत शाई ओतली, वाळू दिली, पुन्हा ओतली. चार दिवसांनी ठसा काढला.